'मल्टीग्रेन' वाचून फसू नका! घरच्या पिठाचं वॅफल करताना हा हिशेब लक्षात ठेवा

बेळगाव / प्रतिनिधी :

कुंद्याच्या गावात राहून गोडाला नावं ठेवायची म्हणजे धाडसच. तरीही आज एका नव्या गोड पदार्थाविषयी लिहावं लागतंय. गेल्या काही वर्षांत बेळगावात वॅफलची दुकानं वाढली. संध्याकाळी क्लास सुटला की पोरं तिथं थांबतात. मधाच्या पोळ्यासारखे चौकोनी खळगे असलेला, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असा हा प्रकार आता वाढदिवसापासून रिझल्टपर्यंत सगळ्या निमित्तांना लागतो. दुकानातून तो घरातही आला आहे. अनेकांच्या स्वयंपाकघरात वॅफलचं मशीन आहे आणि किराणा दुकानात त्याचं तयार पीठही मिळतं.

आमच्याकडेही तसंच झालं. मुलगी नववीत आहे. ती महिनाभर मागं लागली, "पप्पा, घरीच करूया की." शेवटी मशीन आणलं आणि सोबत तयार पिठाचं एक पाकीट. पाकिटावर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र होतं आणि वर मोठ्या अक्षरात 'मल्टीग्रेन' लिहिलेलं. आईला बारा वर्षांपासून साखरेचा त्रास आहे. तिनं विचारलं, "मला चालतंय काय रे हे?" मी म्हणालो, "चालतंय आई, मल्टीग्रेन हाय." तिनं विश्वासानं दोन खाल्ले. दोन तासांनी घरच्या मशीनवर साखर तपासली तर आकडा २४० च्या पुढं.

मग पाकीट उलटं करून चष्मा लावून वाचलं. घटक पदार्थांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं साखरेचं. ज्वारी, नाचणी, ओट्स ही नावं यादीच्या शेवटी, चिमटी चिमटी. खोटं काही लिहिलेलं नव्हतं. एकाहून जास्त धान्यं होती, म्हणून ते मल्टीग्रेन. चूक माझी. बी. कॉम. होऊन, लोकांचे ताळेबंद वाचून बातम्या करणारा मी घरच्या पाकिटाची मागची बाजू वाचायला विसरलो.

त्यानंतर दोन-तीन महिने घरच्या पिठाचे प्रयोग केले. काही फसले, काही जमले. त्यातून जे कळलं ते वाचकांसाठी मांडतो आहे.

'मल्टीग्रेन' वेगळं, 'संपूर्ण धान्य' वेगळं

धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा, आतला छोटा अंकुर आणि मधला पांढरा गाभा. तंतू बहुतेक कोंड्यात असतात. जीवनसत्त्वं, खनिजं आणि चांगलं तेल कोंड्यात व अंकुरात. गाभ्यात मुख्यतः पिष्ट आणि थोडी प्रथिनं. मैदा म्हणजे फक्त गाभा. तिन्ही भागांसह दळलं तर ते संपूर्ण धान्य.

म्हणजे पाच धान्यांचा गाभा एकत्र केला तरी ते मल्टीग्रेन होईल, पण संपूर्ण धान्य होणार नाही. उलट एकट्या ज्वारीचं न चाळलेलं पीठ हे संपूर्ण धान्य आहे.

पाकीट घ्यायचंच असेल तर एक नियम लक्षात ठेवा. आपल्या देशात पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. जे सर्वांत जास्त, त्याचं नाव पहिलं. पहिल्या जागी 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैदा. पुढचं चित्र कितीही हिरवं असो.

आकडे काय सांगतात?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे पोषणतक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम मैद्यात तंतू जेमतेम पावणेतीन ग्रॅम. गव्हाच्या कणकेत आणि नाचणीत प्रत्येकी ११ ग्रॅमच्या थोडं वर, ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम बघा : कणकेत सुमारे ३१ मिलिग्रॅम, नाचणीत ३६४.

आता कॅलरी. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ३५२, कणकेत ३२० आणि नाचणीत ३२१. फरक फार नाही. एका वॅफलला साधारण ३० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे मैदा सोडून कणीक-नाचणी घेतली तर एका वॅफलमागं वाचतात फक्त दहाएक कॅलरी. पण तंतू एका ग्रॅमच्या आतून सव्वातीन-साडेतीन ग्रॅमवर जातात. म्हणजे चौपट.

व्यापारी भाषेत सांगायचं तर पीठ बदलून नफा तंतूत होतो, कॅलरीत नाही. 'नाचणीचं आहे, कितीही खा' हे म्हणणं इथंच कोसळतं. ३० ग्रॅम पीठ म्हणजे आपली एक मध्यम चपाती. तेल, दूध, गूळ वरून वेगळं. त्यामुळं ज्या दिवशी एक वॅफल खाल्लं, त्या दिवशी जेवणातली एक चपाती कमी, असा साधा हिशेब घरात ठेवा.

हा पदार्थ आला कुठून?

युरोपात मध्ययुगापासून लोखंडाच्या दोन नक्षीदार पाट्यांमध्ये पीठ दाबून चुलीवर भाजायची पद्धत होती. बेल्जियममध्ये तिचे वेगवेगळे प्रकार झाले. ब्रुसेल्सचं वॅफल हलकं आणि आयताकृती, तर लिएजचं जड आणि त्यात साखरेचे खडे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी २४ ऑगस्ट १८६९ रोजी चुलीवरच्या वॅफल-साच्याचं पेटंट घेतलं. पुढं १९५८ चं ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन आणि १९६४ चं न्यूयॉर्कचं प्रदर्शन यांनी बेल्जियन वॅफल जगभर नेलं.

अमेरिकेत हा मूळचा सकाळच्या न्याहारीचा पदार्थ. आपल्याकडं मात्र तो थेट मिठाई म्हणून आला, चॉकलेट आणि आइस्क्रीमसकट. त्याला पुन्हा न्याहारीच्या ताटात आणायचं असेल तर आधी पीठ आणि मग वरचं गोड, दोन्ही बदलावं लागेल.

पीठ कोणतं घ्यायचं?

आपण सीमाभागातले लोक या बाबतीत नशीबवान. खानापूर-चंदगडच्या डोंगराळ पट्ट्यात नाचणी होते, पूर्वेकडं काळ्या रानात ज्वारी आणि याच पट्ट्यात खपली गहू. कानडीत त्याला जवे गोधी म्हणतात. आपण त्याची खीर करतो, हुग्गी करतो. रविवार पेठेत धान्य निवडून घ्या आणि गिरणीत दळून आणा.

गहू किंवा खपली : यात ग्लुटेन असतं, म्हणून वॅफलला बांधणी येते. खपलीतलं ग्लुटेन थोडं कमजोर असतं. चपाती लाटताना ते जाणवतं, पण वॅफलला उलट फायदा होतो, ते चिवट होत नाही.

नाचणी : चव आणि कॅल्शियम दोन्ही देते. पण ग्लुटेन नाही. एकट्या नाचणीचं वॅफल उघडताना तुटतं. एकूण पिठाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ठेवा. नाचणी बारीक दळा, नाहीतर दाताखाली किरकिरते.

ज्वारी : कुरकुरीतपणा छान येतो. नाचणीऐवजी किंवा नाचणीसोबत निम्मी-निम्मी घालता येते.

दोन सूचना महत्त्वाच्या. घरी आल्यावर पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा टाकू नका. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच कचऱ्यात जातो. आणि एकदम पाच किलो दळून ठेवू नका. अंकुरातल्या तेलामुळं संपूर्ण धान्याचं पीठ मैद्यापेक्षा लवकर खवट होतं. पंधरा दिवसांपुरतं आणा.

ज्यांना सिलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे ग्लुटेन अजिबात चालत नाही, त्यांनी खपलीच्याही वाटेला जाऊ नये. खपली हा गहूच आहे. त्यांच्यासाठी फक्त ज्वारी-नाचणी, तीही गव्हाच्या जात्यावर न दळलेली.

साहित्य : साधारण सहा वॅफल

कणीक किंवा खपलीचं पीठ १२० ग्रॅम, म्हणजे चहाचा एक मोठा कप
नाचणीचं पीठ ६० ग्रॅम, म्हणजे अर्धा कप
दूध किंवा पातळ ताक ३०० मिली, म्हणजे सव्वा कप
अंडी २
तेल किंवा वितळवलेलं लोणी ३ मोठे चमचे
किसलेला गूळ १ मोठा चमचा
बेकिंग पावडर २ छोटे चमचे
मीठ पाव छोटा चमचा, वेलची किंवा दालचिनी पूड चवीला

ताक वापरलं तर बेकिंग पावडर दीड चमचाच घ्या आणि खायचा सोडा पाव छोटा चमचा घाला. ताकाच्या आंबटपणानं सोडा फुलतो.

अंडी खात नसाल तर जवस आहेच. आपण चटणी करतो तेच. दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. बुळबुळीत झालं की ते अंड्यासारखी बांधणी देतं. वॅफल अंड्याइतकं हलकं होत नाही, पण तुटत नाही.

कृती आणि त्यामागचं कारण

पहिलं. दूध, अंड्याचा पिवळा बलक, तेल आणि गूळ एकत्र फेटा. त्यात पीठं आणि मीठ घालून हलक्या हातानं मिसळा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. कणीक जास्त घोटली की ग्लुटेन ताणलं जातं आणि वॅफल चामड्यासारखं होतं.

दुसरं. हे मिश्रण १५ ते २० मिनिटं झाकून ठेवा. ही पायरी सोडू नका. मैदा लगेच पाणी पितो, कोंडा आणि नाचणी सावकाश. भिजवलं नाही तर आत कच्चट आणि वर कोरडं लागतं. आमची पहिली दोन वॅफल यामुळंच गेली. भिजल्यावर मिश्रण घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध वाढवा. इडलीच्या पिठासारखं, पळीतून सावकाश पडेल इतपत हवं.

तिसरं. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून फेस करा. बेकिंग पावडर आणि हा फेस अगदी शेवटी, मशीन तापल्यावर मिसळा. आधी घातलं तर भिजण्याच्या वेळेतच बराच वायू निघून जातो. संपूर्ण धान्याचं पीठ जड असतं, त्याला ही हवा लागते.

चौथं. मशीन पूर्ण तापू द्या. दिवा लागल्यावरही दोन मिनिटं थांबा. पाट्यांना ब्रशनं तेलाचा हात द्या. साधारण पळीभर मिश्रण मधोमध ओता आणि झाकण लावा.

पाचवं. चार-पाच मिनिटं झाकण उघडू नका. घाईनं उघडलं की वॅफल मधोमध फाटून अर्धं वर, अर्धं खाली चिकटतं. नाचणीमुळं रंग मुळातच तपकिरी असतो, त्यामुळं रंगावरून अंदाज घेऊ नका, वाफेवरून घ्या. बाजूनं येणारी वाफ जवळजवळ थांबली की झालं. काढायला लाकडी उलथणं वापरा, स्टीलनं पाटीचा थर खरवडतो.

सहावं. काढलेली वॅफल ताटात एकावर एक रचू नका. आतली वाफ अडकते आणि पाच मिनिटांत सगळी मऊ पडतात. पुरणाची चाळणी उपडी घाला आणि त्यावर एकेक ठेवा.

मशीन नसेल तर? हेच पीठ आप्पेपात्रात घाला किंवा तव्यावर जाडसर घावन घाला. खळगे नसतील, पण पोषण तेच. आई पहिल्यांदा बघून म्हणालीच, "हे तर जाळीचं घावनच की रे."

खरा घोळ वर ओतलेल्या गोडात

आता मुख्य मुद्दा. वरच्या मापानं केलेल्या एका वॅफलमध्ये साधारण २२० कॅलरी येतात आणि गूळ फक्त दोन ग्रॅम. इथपर्यंत ठीक. त्यावर चॉकलेट स्प्रेडचा एक मोठा चमचा, म्हणजे २० ग्रॅम घातला की शंभरावर कॅलरी आणि दहा ग्रॅमहून जास्त साखर वाढली. पीठ बदलून वाचवल्या होत्या दहा कॅलरी! पुढं आइस्क्रीम घातलं तर बोलायलाच नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. यात मधही धरला जातो. आपल्याकडं 'साखर नाही, गूळ घातलाय' किंवा 'मध आहे, काही होत नाही' असं सहज म्हटलं जातं. गुळात थोडी खनिजं असतील, पण रक्तात गेल्यावर तो बहुतांशी साखरच. एका मोठ्या चमचा मधात १६-१७ ग्रॅम साखर असते. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध अजिबात देऊ नका.

मग वर काय घालायचं? पिकलेलं केळं कुस्करून, पपई, चिकू, पेरूच्या फोडी. घट्ट दह्यात थोडी दालचिनी. शेंगदाणे भाजून त्यांची घरीच वाटलेली पेस्ट, साखर न घालता. फळाची साखर तंतूंसोबत येते, शिवाय पोट भरतं.

गोड नकोच? मग भाजणी आहे

आमच्या घरात सर्वांत जास्त चाललेला प्रयोग हा. थालीपिठाची भाजणी म्हणजे आपलं जुनं, खरंखुरं मल्टीग्रेन. ज्वारी, गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, सगळं भाजून दळलेलं. दीड कप भाजणीत बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मिरची, हळद, मीठ, दोन चमचे दही, दोन चमचे तेल आणि पाणी घालून इडलीच्या पिठासारखं करा. पंधरा मिनिटं भिजवा. अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर घाला आणि मशीनमध्ये पाच-सहा मिनिटं भाजा. सोबत दही किंवा मटकीची उसळ. साखर शून्य, डाळीमुळं प्रथिनं जास्त, आणि पोरांना खळगे मिळाल्याचा आनंद.

खिशाचा हिशेब

दुकानात तिघांचं बिल आमचं ४२० रुपये झालं होतं. घरी सहा वॅफलला पीठ, दूध, अंडी, तेल धरून साठ रुपयांच्या आत भागतं. एक हजार वॅटचं मशीन अर्धा तास चाललं तर जास्तीत जास्त अर्धा युनिट वीज. आमचं मशीन अठराशेचं. म्हणजे दुकानाच्या पाच खेपा वाचल्या की पैसे फिटले. अट एकच, मशीन माळ्यावर जाता कामा नये.

त्यासाठी रविवारी दुप्पट करा. पूर्ण गार झाल्यावर डब्यात, मध्ये कागद घालून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे चांगली राहतात. शाळेच्या दिवशी थेट तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी गरम केली की पुन्हा कुरकुरीत.

साखर असलेल्यांनी काय करावं?

डॉक्टरांचा सल्ला पहिला, हे वेगळं सांगायला नको. संपूर्ण धान्यातही पिष्ट असतंच आणि बारीक दळलेलं पीठ साखर वाढवतंच. नाचणी किंवा खपली हे औषध नव्हे. पण प्रमाण, जोडीला काय खाल्लं आणि वर काय ओतलं, हे तिन्ही आपल्या हातात आहे.

आई आता गोड वॅफल अर्धंच खाते, तेही न्याहारीला, उसळ किंवा उकडलेल्या अंड्यासोबत. भाजणीचं असेल तर एक पूर्ण, आणि त्या दिवशी चपाती एक कमी. दोन तासांनी आकडा बघते आणि वहीत लिहून ठेवते. तिचा आकडा इथं देत नाही, कारण प्रत्येकाचं शरीर वेगळं आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. ज्याला त्याला आपली वही ठेवावी लागते.

मात्र एक बदल सांगण्यासारखा आहे. परवा नातीनं बिस्किटाचं एक पाकीट आणलं, वर 'नाचणी' लिहिलेलं. आईनं ते हातात घेतलं, आधी उलटं केलं आणि म्हणाली, "वाच बघू, पहिलं नाव काय हाय?"